नवकाराची पेटी, नळाचा आवाज आणि माझी बीपीची वही



मागच्या वेळी छुंद्याबद्दल लिहिलं होतं, बऱ्याच जणींनी करून पाहिला, बरं वाटलं. आजचा विषय स्वयंपाकघराबाहेरचा आहे. तरी तो तुमच्या-माझ्या घरातलाच आहे, कारण घरात सतत काही ना काही वाजत असतं आणि त्याचं आपल्या शरीरावर काय होतं, हे आपण कधी मोजून बघत नाही. मी गेल्या मे महिन्यात मोजलं. ते कसं झालं, ते सांगते.

आमच्या हॉलमध्ये घड्याळाखाली प्लगला लावलेली तळहाताएवढी एक पेटी आहे. बटण दाबलं की नवकार मंत्र सुरू होतो, तो बंद करेपर्यंत चालूच. तुमच्यापैकी कितीतरी जणींकडे असेल. सासूबाईंना शेवटच्या वर्षी पक्षाघात झाला, वाचा गेली. रोज पहाटे मोठ्यानं नवकार म्हणणारी बाई ओठ हलवायची, पण शब्द फुटायचा नाही. तेव्हा ह्यांनी ती पेटी आणली. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली, पण पेटी कुणी बंद केली नाही. तिच्यासमोर आम्ही भाजी निवडतो, फोनवर बोलतो, एकमेकांवर चिडतोसुद्धा. लाइट गेली की ती थांबते, आली की आपोआप सुरू होते.

एप्रिलमध्ये माझं बीपी वाढलेलं निघालं. वरचा आकडा १५२. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि म्हणाले, दवाखान्यात आलं की पुष्कळांचं बीपी वाढतं, तेव्हा घरी मोजून लिहून आणा. मग सहज विचारलं, "घरात शांतता असते ना?" मी म्हटलं, "हो, दिवसभर नवकार चालू असतो." घरी येताना रिक्षात माझ्या मनात आलं, चोवीस तास मंत्र वाजतोय आणि माझं बीपी १५२?

हा प्रश्न घरात उच्चारायचीही मला भीती वाटली. पण मी १९८१ ची बी.कॉम. आहे. लग्न होऊन केडगावला आले तेव्हापासून कांदा-गुळाच्या आडतीच्या दुकानाचे हिशेब लिहिले. शंका आली की वही उघडायची, एवढंच मला येतं.

त्याच सुमारास नात सुट्टीला आली. अकरावी सायन्स, हातात मोबाइल. तिला सांगितलं तर तिनं टाळीच दिली. म्हणाली, "दादी, असे प्रयोग झालेत." मग तिनं वाचून दाखवलेलं मी वहीत उतरवलं. स्टॉकहोम विद्यापीठात २०१० साली ४० जणांना आधी तोंडी गणितं घालून ताण दिला, मग वेगवेगळे आवाज ऐकवले. एकदा पक्षी आणि कारंज्याचं पाणी, इतर वेळी रस्त्यावरच्या रहदारीचा हळू आणि मोठा आवाज, किंवा इमारतीतली नुसती घरघर. ताण आला की तळहाताला बारीक घाम सुटतो, तो त्यांनी मोजला. पाणी-पक्ष्यांच्या आवाजात तो लवकर ओसरला. पण हृदयाच्या ठोक्यांवरून घेतलेल्या मापात तसा फरक दिसला नाही. म्हणजे शरीराचं एक खातं "उतरला" म्हणतं आणि दुसरं गप्प बसतं.

झुरिकच्या २०१३ मधल्या अभ्यासात ६० बायका होत्या. त्यांना ताणाच्या परीक्षेआधी शांत संगीत, खळाळतं पाणी किंवा नुसती विश्रांती दिली. ताणात शरीरात वाढणारं कॉर्टिसोल संगीतवाल्यांचं सगळ्यात जास्त निघालं आणि पाणीवाल्यांचं सगळ्यात कमी. पण परीक्षा संपल्यावर काही लक्षणं पूर्ववत झाली ती संगीतवाल्यांची लवकर. नात म्हणाली, "सरळ उत्तर कुठेच नाही." मी म्हटलं, "मग आपलं आपण काढू."

आणि हे काही परदेशातलंच वेड आहे असं समजू नका. आमच्या केडगाव स्टेशनातून जाणाऱ्याच लोहमार्गावर, पुण्याच्या पलीकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते ह्याच विचारानं, की योगानं शरीरात काय होतं ते यंत्र लावून बघावं. आसनांचा रक्तदाबावर काय परिणाम होतो हेही तिथे तपासलं गेलं. श्रद्धेच्या गोष्टीला माप लावलं म्हणून श्रद्धा बाटत नाही, हे आपल्याच पुणे जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी ठरलंय. हे वाचून माझी भीड थोडी चेपली.

आता रीत सांगते. चार आवाज ठरवले. एक, नवकाराची पेटी. दोन, मोबाइलवर पाण्याचा आवाज. तीन, खिडक्या उघड्या ठेवून स्टेशनकडून येईल तो गाड्यांचा आवाज. चार, खिडक्या लावून शांतता. मात्र मे महिन्यात पंखा बंद करणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्या शांततेत पंखा धरलेला आहे. प्रत्येक आवाजाच्या चार अशा सोळा चिठ्ठ्या करून साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. क्रम आपण ठरवला तर मन आधीच निकाल लावून मोकळं होतं, असं नातीचं म्हणणं.

वेळ रोज दुपारी साडेचारची, चहाच्या आधी. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पाच मिनिटं गप्प बसायचं आणि पहिला आकडा घ्यायचा. मग पाच मिनिटं गणित. १०२२ मधून १३ वजा करत जायचं, १००९, ९९६, ९८३. चुकलं की परत १०२२ पासून. हे गणित अशा प्रयोगांत नेहमी वापरतात म्हणे. मला वाटलं, आयुष्यभर तेरीज जुळवलेल्या बाईला ह्यात कसला ताण? पण समोर नात घड्याळ घेऊन दगडासारखा चेहरा करून बसली आणि "चूक. परत पहिल्यापासून" म्हणाली, तेव्हा कानशिलं तापली. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा पंधरा-सोळानं वर. मग दहा मिनिटं चिठ्ठीत निघालेला आवाज आणि तिसरा आकडा. दुसऱ्यातून तिसरा वजा केला की उतार कळला.

पहिल्या आठवड्यातच गंमत झाली. पाण्याच्या आवाजाला माझा आकडा फारसा उतरेचना. स्टॉकहोमला उतरला, मग केडगावात का नाही? तिसऱ्या वेळी लक्षात आलं. मोबाइलवर पाणी खळखळायला लागलं की माझे कान ताठ होत होते. नळ चालू राहिला का? मोटार बंद केली ना, टाकी वाहतेय का? आपण पाणी गाळून, मोजून वापरणाऱ्या घरातल्या बायका. पाण्याच्या थेंबात जीव असतो हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. वाहतं पाणी ऐकून डोळे मिटून पडणं आपल्याला जमणार कसं? स्वीडनच्या माणसाला ते कारंजं वाटत असेल, मला ते वाया जाणारं पाणी वाटतं.

गाड्यांचं उलटं. पाहुणे आले की रात्रभर झोपत नाहीत, मालगाडी धडधडत गेली की दचकून उठतात. मला मात्र त्या आवाजात आकडा चांगला उतरला. मार्च २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या थांबल्या होत्या, तेव्हाच्या रात्री मला आठवल्या. इतकी शांतता आणि मी टक्क जागी. दौंडकडची गाडी वेळेवर गेली की जग ठीक चाललंय, असं माझं शरीर चाळीस वर्षांत शिकलंय.

एक दिवस मात्र वहीत लाल शाईनं "बाद" लिहिला. लग्नसराईत डीजेची वरात नेमकी साडेचारला गल्लीत शिरली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आकडा उतरायच्या ऐवजी वर गेला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. नियम कागदावर आणि वरात दारात. त्या आवाजाची सवय होत नाही, हे माझ्या वहीपुरतं तरी खरं. त्या दिवसाची चिठ्ठी परत डब्यात टाकली.

आता मला जड जाणारी गोष्ट सांगते.

नवकाराच्या पेटीचा दुसरा दिवस होता. तिसरा आकडा बघितला, १४६. म्हणजे उतार फक्त चारचा. मला पटेना. नवकार चालू असताना असं कसं होईल? नात पाणी प्यायला आत गेली होती. मी परत मोजलं, १४३. परत मोजलं, १३७. तो वहीत लिहिला आणि वही मिटली.

मैत्रिणींनो, आयुष्यभर मी खाडाखोडीच्या विरुद्ध. दुकानात कुणी आकडा फिरवला असता तर मी वही तोंडावर फेकली असती. आणि इथे आवडता आकडा येईपर्यंत मोजत बसले. त्यात खोटा आकडा एकही नव्हता, पण निवड खोटी होती. संध्याकाळी नात मशीनमधले आकडे उतरवायला बसली, तेव्हा मशीनच्या स्मरणात तिन्ही निघाले, वेळेसकट. तिनं माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. मी वहीत १३७ वर एक आडवी रेघ मारली, १४६ लिहिलं आणि खाली सही केली. त्या रात्री प्रतिक्रमणात ही गोष्ट मनात घेतली. सत्याचं व्रत मोठ्या खोटेपणावर मोडतं असं आपल्याला वाटतं, पण माझं ते नऊ आकड्यांवर डगमगलं.

मग पेटीच्याच चौथ्या दिवशी लाइट गेली. पाचव्या-सहाव्या मिनिटाला नवकार मधेच तुटला, पंखाही थांबत थांबत थांबला. घरात इतकी शांतता मी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. उकडत होतं, तरी मशीन बॅटरीवरचं म्हणून आम्ही बसून राहिलो. पेटीच्या चार दिवसांतला सगळ्यात चांगला उतार त्या दिवशी आला.

नातीनं पुन्हा शोधलं. इटलीत पाविया इथल्या डॉक्टरांनी २००६ साली २४ जणांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं होतं, त्यात आपल्याकडचा रागही होता. जलद लयीत श्वास आणि रक्तदाब वाढला. पण मधे त्यांनी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत हृदयाची गती आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीपेक्षाही खाली गेले. आवाजानंतर येणारी शांतता नुसत्या शांततेपेक्षा वेगळी असावी. आमची पेटी कधी थांबतच नव्हती, मग ती शांतता आम्हाला मिळणार कुठून? माझा हा एकच आकडा, त्यावर मी निकाल देत नाही. पण मनात राहिलं.

सोळा चिठ्ठ्या संपल्यावर सरासरी काढली. गाड्यांच्या आवाजात उतार १२, शांततेत १३, पेटीच्या आवाजात ८, पाण्याच्या आवाजात ६. मशीनच्या पुस्तिकेत लिहिलंय की आकडा तीननं इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे गाड्या आणि शांतता मला सारख्याच. पेटी त्यांच्या मागे. नात हळूच म्हणाली, "दादी, वाईट वाटलं का?" वाटलं होतं.

रात्री पडल्या पडल्या विचार आला, की पेटी म्हणते, मी कुठे म्हणते? दुसऱ्या दिवशी चिठ्ठी न काढता गणितानंतरची दहा मिनिटं मी स्वतः नवकार म्हटला, सावकाश, एका श्वासात एक पद. असं चार दिवस केलं. नातीनं श्वास मोजले. एरवी मी मिनिटाला पंधरा श्वास घेते, म्हणताना ते सात झाले. म्हणून झाल्यावर दोन मिनिटं गप्प बसून मोजलं, कारण बोलता बोलता मोजलं की आकडा चढतो. चार दिवसांची सरासरी उतार १७. गणिताआधी होता त्याच्याही खाली.

ह्याचंही उत्तर एका अभ्यासात सापडलं. पावियाच्याच मंडळींनी २००१ मध्ये २३ जणांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावला होता. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. मानेतल्या रक्तवाहिन्यांत रक्ताचा दाब ओळखणारी जागा असते, ती दाब वाढला की हृदयाला "हळू" म्हणून सांगते. श्वास सावकाश झाला की हे सांगणं जास्त चांगलं चालतं. आमच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे प्रार्थनेच्या वेगळ्या सुरांची शंभरावर वर्षांची सवय आहे, त्यामुळे मला ह्यात नवल वाटलं नाही. भाषा कुठलीही असो, म्हणणाऱ्याचा श्वास लांबतो. आपल्याकडे तर काउसग्ग श्वासांतच मोजायची रीत आहे, नवकाराचे आठ श्वास, लोगस्सचे पंचवीस. ते मोजमाप मी पाठ केलं होतं, अनुभवलं नव्हतं.

इतकं झाल्यावर मी ठरवलं, पेटी बंद. एका रात्री बटण दाबलं आणि झोपले.

मध्यरात्री जाग आली तर हे पलंगावर बसलेले. दोन वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. "छातीत दुखतंय का?" म्हटलं. "नाही, झोप येत नाही." नाडी बघितली, ८२. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री मी न विचारता पेटी लावली. हे झोपले. नातीच्या सांगण्यावरून मग सहा रात्री चिठ्ठ्या टाकून पाहिलं, तीन लावून, तीन बंद. ह्यांना गणित-बिणित काही नाही, रात्री साडेदहाला नुसती नाडी आणि बीपी. बंद असताना नाडी ८० च्या आसपास, लावल्यावर ७१-७२.

मी वही दाखवली. हे बराच वेळ आकड्यांकडे बघत बसले. मग म्हणाले, "शांत झालं की मला माझेच ठोके ऐकू येतात. मोजत बसतो. एखादा चुकला असं वाटतं." थोडं थांबून म्हणाले, "पेटी चालू असली की आई बाहेरच्या खोलीत आहे असं वाटतं. पहाटे म्हणायची तसं."

चार वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मी माझ्या बीपीचा निकाल लावून त्यांच्या घरातून त्यांची आई काढून टाकायला निघाले होते.

आता आमची व्यवस्था अशी. दिवसभर पेटी बंद. दुपारी साडेचारला मी खुर्चीत बसून दहा मिनिटं स्वतः नवकार म्हणते, नंतर थोडा वेळ काहीच नाही. रात्री ह्यांच्या उशाशी पेटी, आवाज अगदी बारीक. डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी सगळी पानं उलटून पाहिली आणि म्हणाले, गोळी आहे तशीच घ्यायची, वहीही चालू ठेवायची. म्हणून तुम्हालाही सांगते, आवाजाच्या भरवशावर कुणी गोळी कमी करू नका. ही एका घराची, दोन म्हाताऱ्या माणसांची वही आहे.

पण मोजून बघा जरूर. तुमच्या घरात दिवसभर काय वाजतं? टीव्हीवरच्या बातम्या, मिक्सर, शेजारची मोटार, भजनं? त्यातलं कुणाला काय वाटतं, ते एकेकाला विचारा. माझ्या कानाला नळ वाटतो तो तुमच्या कानाला झरा वाटत असेल. मोजताना पाच मिनिटं गप्प बसा, चहा नंतर प्या, एक-एक मिनिटानं दोनदा मोजून सरासरी लिहा. आणि आवडता आकडा येईपर्यंत मोजू नका, मशीनला सगळं आठवतं.

रात्री पेटीचं बटण आता हे स्वतःच लावतात. सकाळी बंद मी करते, आणि बंद करताना सासूबाईंना हात जोडते.

ह्यात मंत्राबद्दल किंवा कुणाच्या श्रद्धेबद्दल माझ्याकडून कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.